काटा परत वर आला

सगळा गोंधळ आटोक्यात आला होता. दादाचा अंगठा कोमट पाण्याच्या भांड्यात, गाडीचं बोनेट उघडं, खाली रबरी पाइपांचा गुंता. माझी नजर सहज गाडीच्या एसीतल्या गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे गेली. निळ्या गेजचा काटा मघाशी चांगलाच खाली पडला होता, तो आता हळूहळू वर सरकत होता. कुणी काही करत नव्हतं. इंजिन बंद, गॅसचा कॅन बाजूला, सगळे नॉब आवळलेले. तरी काटा आपला चढत होता. चढत चढत तो जवळपास तिथेच येऊन थांबला, जिथे हा प्रकार घडायच्या आधी उभा होता. दादाही पाहत होता. हात पाण्यातून न काढता म्हणाला, “बघ, फारसा गेलाच नाही गॅस. थोडा टाकला की झालं.”

ऐकून बरं वाटलं. तेवढंच ऐकायचं होतं त्या वेळी. आणि नंतर कितीतरी दिवस डोक्यातून गेलं नाही तेही तेवढंच.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा बराच मोठा. काहीही बिघडलं की आधी उघडणार, मग विचार करणार, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा दुरुस्तही करणार, अशा जातीचा माणूस. गाडीचा एसी त्याने आधीही भरलेला. कूलिंग कमी झालं होतं, त्याच्याकडे कॅन होता, पाइप होते, गेज होते. माझ्याकडे टॉर्च धरायचं काम. लो साइडच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या पोर्टवर कपलर, म्हणजे पाइपाच्या टोकाची जोडणी, बसला, इंजिन सुरू झालं, एसी फुल्ल, ब्लोअर फुल्ल, आणि कॅनमधला गॅस थोडा थोडा आत जाऊ लागला. केबिनमध्ये गार हवा यायला लागली तशी दादाने मान डोलावली. इंजिन बंद केलं. कपलरची कॉलर मागे ओढली, कपलर हातात आला, आणि त्याच्यामागोमाग पोर्टमधून पांढरा झोत सरळ वर उसळला.

पोर्टमधली पिन परत वर आली नव्हती. टायरच्या वॉल्वमध्ये असते त्याच जातीची ही पिन. ऑगस्ट श्रेडर या माणसाच्या नावाने ओळखली जाणारी, १८९३ साली पेटंट झालेली रचना आजही एसीच्या पाइपांवर जवळपास तशीच बसलेली असते. कपलर पिन दाबतो, वाट उघडते. कपलर काढला की स्प्रिंग पिनेला वर ढकलते, वाट बंद. स्प्रिंग थकलेली असेल, रबर कडक झालं असेल किंवा कचऱ्याचा एक कण मध्ये अडकला असेल, तर पिन अर्ध्यातच राहते. या पोर्टवर टोपण नव्हतं. कधी हरवलं, कुणाच्या हातून हरवलं, देव जाणे. ते प्लॅस्टिकचं क्षुल्लक टोपण लोक शोभेचं समजतात. आतल्या पिनेला धुळीपासून तेच वाचवतं, आणि पिन थोडीफार गळत असली तर टोपणातलं रबर ती गळती रोखून धरतं.

आवाज आधी आला की धूर, सांगता येणार नाही. फुस्स करून थांबणारा आवाज नव्हता तो. एकसुरी, चिरका, न थांबणारा. धूर म्हणतोय, पण धूर नव्हताच. हवेतला ओलावा गोठून झालेलं धुकं आणि त्यात तेलाची बारीक फवार. दादाच्या चष्म्याच्या काचांवर सुईच्या टोकाएवढे तेलाचे ठिपके पसरले होते, इतके सारखे की कुणी मुद्दाम मारलेत असं वाटावं. चष्मा वाचायचा होता, संरक्षणाचा नव्हे. तो नसता तर ते ठिपके कुठे बसले असते हे मला त्या वेळी सुचलं नाही. रात्री सुचलं, तेव्हा उठून पाणी प्यायलो.

आणि दादाने अंगठा ठेवला. त्या छिद्रावर. उघडा अंगठा.

मी पुष्कळदा विचार केला, कुणीही हेच केलं असतं. गळणाऱ्या गोष्टीवर हात जातो. विचार करून जात नाही, आधीच गेलेला असतो. नळ, नळी, फुगा, जखम, सगळीकडे हाताचं उत्तर एकच. शहाणपण हाताच्या मागून येतं, आणि मग त्याला काही करण्यासारखं उरलेलं नसतं. आर-१३४ए हा एसीतला गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. म्हणजे पोर्टमधून द्रवाचा थेंब बाहेर पडला की तो जिथे पडेल तिथली उष्णता ओढून घेऊन उडून जातो. अंगठ्यातली उष्णता त्याला पुरेशी होती. दोन-तीन सेकंदांत दादाने हात झटकला. मग दुसऱ्या हाताला फडकं गुंडाळून त्याने कपलर पुन्हा पोर्टवर दाबून बसवला. आवाज थांबला. एवढ्या शांततेत आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. का हसलो ते माहीत नाही.

अंगठ्याचं पेर पांढरं पडलं होतं. पांढरं म्हणजे फिकट नव्हे. मेणासारखं, निर्जीव, दाबलं तर कडक. “दुखत नाहीये,” दादा म्हणाला, आणि त्याला त्यात दिलासा वाटत होता. खरं तर काळजी तिथेच करायची असते. तो अंगठा चोळायला लागला, तेव्हा मी हात धरला. गोठलेलं कातडं चोळायचं नसतं, आतल्या पेशींत बर्फाचे कण झालेले असतात, चोळलं की तेच कापत जातात. कढत पाणीही नको, हेअर ड्रायर नको, कारण बधिर कातड्याला भाजलेलं कळत नाही. कोमट पाणी, म्हणजे निरोगी हाताला सुखद वाटेल इतपत, सदतीस ते एकोणचाळीस अंश, आणि त्यात बुडवून बसायचं. गार झालं की बदलायचं. रंग परत यायला लागला तसं दुखणं सुरू झालं, आणि चांगलंच सुरू झालं. दुसऱ्या दिवशी फोड आला. डॉक्टरांनी पाहिलं, फोड फोडू नका म्हणाले, पट्टी बांधली. नवं कातडं आलं तरी त्या पेराला थंडी जास्त लागते असं दादा अजून सांगतो.

तर काटा. हात पाण्यात, काटा वर, आणि “थोडा टाकला की झालं”. मी ओळखीच्या मेकॅनिकांना फोन लावला तो खरं म्हणजे अंगठ्यासाठी नव्हे, दादाने पुन्हा कॅन उचलू नये म्हणून. तिसऱ्या माणसाने नाही म्हटलेलं बरं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अंगठ्याचं विचारलं. मग म्हणाले, “काटा किती दाखवतोय?”

“पंच्याण्णवच्या वर. आधी होता तेवढाच आहे जवळपास.”

“बाहेर किती तापमान आहे?”

मला वाटलं विषय बदलला. “तीस असेल. एकतीस.”

“मग बरोबर आहे. काटा तुम्हाला गॅस नाही दाखवत, हवा किती तापलीय ते दाखवतोय. एसी सुरू करू नका. काही टाकूही नका.”

एसी सुरू करू नका हे त्यांनी दोनदा सांगितलं. दादाला नेमकं तेच करायचं होतं, निदान गार होतंय का ते तरी बघू म्हणून. एसीच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, स्वतंत्र तेलाची टाकी नसते. तेल गॅसबरोबरच सगळ्या पाइपांतून फिरतं आणि गॅसबरोबरच परत येतं. गॅस कमी झाला की तेल वाटेत कुठेतरी साठून राहतं, आणि कॉम्प्रेसर कोरडा घासत बसतो. फवाऱ्यात काही तेल उडालेलंही होतं, चष्म्यावर दिसतच होतं. गॅस कमी असला तर कॉम्प्रेसर चालू होऊ नये म्हणून प्रेशर स्विच असतो, पण तो बिचारा दाबच मोजतो. उभ्या गाडीतला दाब त्यालाही ठीकच दिसला असता. कॉम्प्रेसर जाम होऊन आतला धातूचा चुरा सगळीकडे पसरला, की मग नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. त्या चुऱ्याचा काळा गाळ कंडेन्सरच्या, म्हणजे गॅस थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या जाळीच्या, केसाएवढ्या नळ्यांत जाऊन बसतो आणि तिथून धुवून निघत नाही.

काट्याचं गणित मला त्या रात्री बसून समजून घ्यावं लागलं. बंद नळ्यांमध्ये काही द्रव आणि काही वाफ अशी दोन्ही असतात, तेव्हा आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. द्रव किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वीस अंशांना आर-१३४एचा काटा साधारण अडुसष्ट पीएसआय (दाबाचं माप) दाखवणार, तीस अंशांना सत्त्याण्णवच्या आसपास. आत सहाशे ग्रॅम असोत की दोनशे, द्रवाचा थोडासा जरी साठा शिल्लक असेल तोवर आकडा तोच. घरच्या गॅस सिलिंडरचं असंच असतं: शेवटपर्यंत ज्योत जोरात, आणि मग एकाएकी काहीच नाही. कपलर परत बसवला तेव्हा काटा खाली होता, तो गॅस गेला म्हणून नव्हे. गळतीच्या वेळी आत उरलेला द्रव भराभर उकळत होता, उकळताना स्वतःच गार पडत होता, पाइपावर दव आणि त्याच्यावर बर्फाची पांढरी पुटं चढली होती. गळती थांबली, पाइप आसपासच्या हवेने हळूहळू तापले, आणि काटा चढला. आम्ही पाहत होतो ते गाडीचं सावरणं नव्हतं. पाइपांवरचा बर्फ वितळत होता, बस.

कळलं तेव्हा मला थोडा रागच आला. काट्यावर नाही, तो आपलं काम चोख करत होता. राग आला तो बाजारात मिळणाऱ्या त्या छोट्या गेजांवर, ज्यांच्या तबकडीवर हिरवा पट्टा रंगवलेला असतो: काटा हिरव्यात आला की गॅस पुरेसा. मला विचाराल तर गाडीच्या दुरुस्तीत इतकं दिशाभूल करणारं दुसरं साधन नसेल. चालू इंजिनात लो साइडचा दाब बाहेरच्या हवेवर, दमटपणावर, इंजिनच्या वेगावर, पंख्यावर, कंडेन्सर किती मळलाय यावर, कॉम्प्रेसरच्या जातीवर ठरतो. त्या सगळ्यातून गॅसचं वजन ओळखणं अनुभवी माणसालाही अंदाजानेच जमतं, आणि हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, गेज सोबत नसेल तर तेही नाही. काटा हिरव्यात येईना म्हणून माणूस टाकत राहतो. जास्त गॅस झाला तर हवा उलट कमी गार होते, कारण कंडेन्सरमध्ये द्रव साठून राहतो आणि वाफेला थंड व्हायला जागाच उरत नाही. मग हवा गार नाही म्हणून माणूस अजून टाकतो.

बोनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतं. त्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये. दाब नाही, वजन. आमच्या समोर उघड्या बोनेटवर ते इतका वेळ होतं: आर-१३४ए, ५१० ग्रॅम. टॉर्चचा उजेड त्याच्यावरून किती वेळा फिरून गेला असेल.

लहानपणी आमच्या ओळखीत ज्या एक-दोघांच्या गाडीला एसी होता, त्यांच्याकडे तो लावायची पद्धत ठरलेली असायची. आधी सगळ्या काचा खाली, तापलेली हवा बाहेर. मग काचा वर. मग ते बटण दाबायचं, आणि दाबल्याबरोबर इंजिनचा आवाज बदलायचा, गाडी किंचित जड व्हायची. चढावर बंद करायचा. “ओढत नाही,” असं चालवणारा म्हणायचा, आणि मागे बसलेल्या आम्हा मुलांच्या चेहऱ्यावरचा गारवा जाऊन तिथे रेक्झिनचा गरम वास यायचा. चढ संपला की कॉम्प्रेसरचा क्लच टक्क करून बसायचा. त्या टक्कची आम्ही वाट बघायचो. आज गाडीत बसताना कुणी वाट बघत नाही. गाडी सुरू झाली की एसी सुरू असतोच, आणि तो जेव्हा गार करेनासा होतो तेव्हा आपल्याला पहिल्यांदा आठवतं की आत कुठेतरी एक गॅस आहे आणि तो कायमचा असेलच असं नाही. मग लोक म्हणतात, “गॅस संपला.” हा गॅस संपत नाही. तो इंधन नाही, जळत नाही, खर्च होत नाही. त्याच नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ एकच, तो कुठून तरी बाहेर गेला. रबरी पाइपांतून आणि जोडांतून थोडा थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गाडीला गळती आहे.

त्या पांढऱ्या झोताचं पुढे काय झालं, हेही मला टोचत राहिलं. दिसेनासा झाला इतकंच. १९३०च्या एप्रिलमध्ये थॉमस मिजली या रसायनतज्ज्ञाने अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत नव्या गॅसचा छातीभर श्वास घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवून दाखवली: विषारी नाही, पेटत नाही. तोवर फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले गॅस असायचे, ते गळले की माणसं दगावायची. त्या मानाने हा गॅस, आर-१२, वरदानच होता. पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेल्या गाड्या काढल्या, आणि पुढे कितीतरी दशकं गाड्यांच्या नळ्यांतून आर-१२च फिरला. कुणी तो गोळा करून ठेवत नसे. नट सैल करायचा, हवेत सोडून द्यायचा, नवा भरायचा. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की हा न जळणारा, न विरणारा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. ओझोन वाचवण्यासाठी १९८७चा मॉन्ट्रियल करार झाला, आर-१२ गेला, आर-१३४ए आला. हा ओझोनला हात लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात याचा एक किलो वातावरण तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० किलोंइतका ठरतो, म्हणून त्याच कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीत यालाही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. आता पुष्कळ नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो वातावरण तापवण्याच्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी, पण थोडासा ज्वलनशील. प्रत्येक वेळी आधीच्या गॅसची खोड काढून नवा गॅस, आणि नव्याची आपली एक खोड. मिजलीला मी दोष देऊ शकत नाही. मेणबत्ती विझलीच होती.

दुसऱ्या दिवशी गाडी एसी न लावता, काचा खाली करून वर्कशॉपला नेली. मेकॅनिकांनी गॅस काढणाऱ्या-भरणाऱ्या यंत्राचे दोन पाइप लावले, निळा लो साइडला, लाल हाय साइडला. या दोन्ही पोर्टांची मापं मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात, १३ मिलिमीटर आणि १६ मिलिमीटर, म्हणजे कपलर चुकून अदलाबदल होऊ नये. हाय साइडचा दाब कॅनमध्ये उलटा शिरला तर कॅन फुटू शकतो. मग त्यांनी बटण दाबलं, आणि यंत्र गाडीतला उरलासुरला गॅस ओढून घ्यायला लागलं. दादाला हे पटत नव्हतं. “आहे तो कशाला काढायचा? कमी आहे तेवढा घाला की.”

“कमी किती आहे?” मेकॅनिकांनी विचारलं.

दादा गप्प बसला. हे कळायचा दुसरा मार्गच नाही. आत किती आहे हे मोजायचं तर सगळं बाहेर काढून वजन करावं लागतं. यंत्राच्या पडद्यावर आकडा हळूहळू वाढत गेला आणि २१० ग्रॅमवर थांबला. अर्ध्याहूनही कमी. आणि काटा पंच्याण्णवच्या वर होता.

यंत्राच्या बाजूला एक छोटी बाटली असते, गॅसबरोबर ओढलं गेलेलं तेल तिच्यात उतरतं. तळाशी बोटभरही नव्हतं. तेवढंच नवं तेल परत घालायचं, वर फवाऱ्यात गेलं त्याचा अंदाज. हे पॅग तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून डबा उघडला की लगेच बंद, उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही. पोर्टांच्या दोन्ही पिना बदलल्या. जुनी पिन मेकॅनिकांनी माझ्या तळहातावर ठेवली. रबराच्या कडेला एक चीर होती आणि तिच्यात वाळूचा बारीक कण रुतलेला, नखाने खरवडला तरी निघेना. एवढंच. एवढ्यासाठी सगळं.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्या रिकाम्या करणं. या कामात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून मला ते आवडलं. पंप सुरुवातीला जड, ओला आवाज करतो, घशात काही अडकल्यासारखा. नंतर आवाज बारीक आणि कोरडा होत जातो. काटा शून्याच्या खाली जातो आणि तिथे बसतो. बसला म्हणजे झालं असं नाही. नळ्यांत शिरलेला ओलावा काढायचा असतो, आणि तो ओढून निघत नाही, उकळून निघतो. पाणी शंभर अंशांना उकळतं ते साध्या दाबाला. दाब बेचाळीस मिलिबारच्या खाली आणला की तेच पाणी तीस अंशांना उकळतं. म्हणजे बोनेटखाली, आमच्या डोळ्यांदेखत, आतल्या ओलाव्याला उकळी फुटत होती आणि बाहेर कशालाच त्याचा पत्ता नव्हता. याला वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास पंप चालू, मग बंद करून पुन्हा वाट बघायची, काटा जागचा हलतो का. हलला तर एक तर गळती आहे, किंवा आत अजून पाणी आहे. घाईघाईने व्हॅक्यूम मारला तर उरलेलं पाणी एक्सपान्शन वॉल्वच्या बारीक तोंडाशी गोठतं, एसी चालता चालता बंद पडतो, वितळलं की पुन्हा चालतो, आणि काही काळाने तेच पाणी गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करतं. दादा घड्याळ बघत होता. मीही बघत होतो, पण त्याला दिसणार नाही असा.

दादाने मधल्या वेळात विचारलं की लीक बंद करणारं ते केमिकल मिळतं, ते टाकलं तर? मेकॅनिक पहिल्यांदा जरा चिडले. ते केमिकल हवा आणि ओलावा लागला की घट्ट होतं. गळतीच्या तोंडाशी होतं, तसं व्हॅक्यूमला उघडलेल्या नळीतही होतं, आणि पुढच्या वेळी गॅस काढताना त्यांच्या यंत्राच्या आतही. “आधी सांगतात नाही टाकलं म्हणून,” ते म्हणाले, “मग माझं मशीन बसतं.”

काटा हलला नाही. यंत्राने ५१० ग्रॅम मोजून आत सोडले. इंजिन सुरू केलं, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर खोचला, पारा उतरत सातवर आला. दादाने पट्टी बांधलेला हात जाळीसमोर धरला आणि लगेच मागे घेतला.

त्या रात्री मी हिशेब मांडला. पाचशे दहातून दोनशे दहा गेले, राहिले तीनशे. त्यातले किती त्या झोतात गेले, किती आधीपासून हळूहळू जात होते आणि कॅनमधले किती आत आले होते, हे सांगता येत नाही, कारण कॅन तराजूवर ठेवायचा कुणाला सुचलं नव्हतं. तरी तीनशे ग्रॅम धरू. गुणिले १,४३०, म्हणजे सव्वाचारशे किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण २.३ किलो होतो. म्हणजे १८५ लिटर पेट्रोल. पंधराचं ॲव्हरेज धरलं तर पावणेतीन हजार किलोमीटर. मी दादाला हा आकडा सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “म्हणजे एसी दुरुस्त करायलाच नको होता.” त्याचं उत्तर मला देता आलं नाही. उन्हात गाडी चालवायची तर एसी हवाच आहे मला, आणि हा हिशेब मी गार खोलीत बसून केला होता.

पण खरा प्रश्न या सगळ्या धावपळीत मागेच पडला होता. पिनेचं झालं ते नंतर. कूलिंग कमी झालं होतं ते आधी. म्हणजे गॅस आधीपासूनच कुठून तरी जात होता, आणि ती जागा आम्ही कुणी शोधलीच नव्हती. मेकॅनिकांच्या लक्षात होतं. त्यांनी तेलात रंग घालून ठेवला होता, जांभळ्या प्रकाशात चमकणारा, आणि काही आठवड्यांनी या म्हणाले होते. गेलो. त्यांनी पिवळा चष्मा दिला आणि अंधार करून टॉर्च फिरवला. पोर्ट स्वच्छ, कॉम्प्रेसरचे जोड स्वच्छ. मग ते खाली वाकले, आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक पत्र्यांच्या मध्ये, पोपटी रंगाचा नखाएवढा डाग पेटला. रस्त्यावरच्या खड्याने कधीतरी टोचलं असणार. साध्या डोळ्यांना तिथे फक्त थोडी चिकट धूळ दिसत होती.

“एवढंसंच आहे,” दादा म्हणाला. “हा उन्हाळा निघेल.”

“निघेल,” मेकॅनिक म्हणाले. “पुढचा नाही निघणार.”

कंडेन्सर बदलायचा म्हणजे ड्रायरही बदलायचा, कारण पाइप उघडले की ड्रायरमधले ओलावा टिपणारे मणी हवेतल्या ओलाव्यानेच भरून जातात. ओ-रिंगा नव्या, तेल पुन्हा मोजून, व्हॅक्यूम पुन्हा तेवढाच वेळ. आणि त्याआधी आत्ताच भरलेला सगळा गॅस पुन्हा बाहेर. दादाने कपाळाला हात लावला. मग त्याने विचारलं, “काढलेला गॅस वाया जातो का?”

“नाही हो. मशीन गाळून घेतं. तुमचाच गॅस परत भरतो, वजन करून. कमी पडेल तेवढाच नवा.”

“आणि किती निघाला ते सांगणार?”

“पडद्यावर दिसेल की तुम्हाला.”

“मग काढा,” दादा म्हणाला, आणि आकडा नीट दिसावा म्हणून खुर्ची यंत्राच्या समोर ओढून बसला.